आमी दोघां

मालवणच्या हायस्कुलात मी गणित शिकवायला लागले, त्याच आठवड्यात सरांनी मला पहिला धक्का दिला. शिक्षकांच्या खोलीत ओळख झाली, ते मराठी शिकवतात असं कळलं, आणि निघताना मी आपलं सगळे म्हणतात तसं म्हटलं, "या की एकदा घरी, कधीही या." दुसऱ्या दिवशी दूधवाला यायच्या आधीच दारावर थाप पडली. डोक्याला तेल चोपडलेलं, अंगात गाऊन, अशा अवतारात मी दार उघडलं, तर ओट्यावर सर. इस्त्रीचा शर्ट, हातात दोन शहाळी, आणि मागे त्यांची बायको, संकोचाने अर्धी झालेली.

"तुमी 'कधीही' म्हटलात," सर शांतपणे म्हणाले. "ही वेळ 'कधीही'त बसता."

आत घेतलं, चहा टाकला. सर ओट्यावर माझ्या यजमानांशी शुद्धलेखनावर बोलत बसले आणि वहिनी माझ्या मागोमाग स्वयंपाकघरात आल्या. "बाईनू, चूक तुमची नाय," त्या हळूच म्हणाल्या. "पण ह्येंका परत 'कधीही' म्हणा नकात. 'रविवारी चार वाजता' म्हणा."

मला वाटलं, माणूस विनोदी दिसतोय. तसं काहीच नव्हतं. सर जन्मात कधी विनोद करत नसत. त्यांचं म्हणणं एकच होतं, शब्द तोंडातून बाहेर पडला की तो बोलणाऱ्याचा राहत नाही, ऐकणाऱ्याचा होतो. हे ते वर्गात सांगत, बाजारात सांगत, एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालाही सांगत. आणि नुसतं सांगत नसत, तसं वागत. त्यांच्याशी बोलताना आम्हा सगळ्यांना वकिलाशी बोलल्यासारखं सांभाळून बोलावं लागे.

आमचे तेव्हाचे हेडमास्तर तापट होते. एकदा वेळापत्रकावरून दोघांची जुंपली आणि हेडमास्तर ओरडले, "पुन्हा माझ्या केबिनच्या दारात पाय ठेवू नका." संध्याकाळपर्यंत ते विसरूनही गेले. सर विसरले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून हजेरीच्या मस्टरवर त्यांनी खिडकीतून सही करायला सुरुवात केली. केबिनची खिडकी मागच्या बाजूला, अळवाच्या वाफ्यात उघडायची. पावसाळ्यात सर त्या अळवात छत्री धरून उभे आणि हेडमास्तर आतून मस्टर पुढे करताहेत, हे दृश्य मी स्वतः पाहिलंय. हेडमास्तरांनी हात जोडले, आत या म्हणाले. सर म्हणाले, आत यायला हरकत नाही, पण दारात पाय न ठेवता कसं येऊ ते सांगा. मग हेडमास्तरांची बदली झाली. नवे आले त्या दिवशी सर सरळ दारातून आत गेले. मी चाट पडले. विचारलं तर म्हणाले, "तेणी 'माझ्या केबिनच्या' म्हटलल्यानी. आता ती तेंची खंय आसा?"

मासळीबाजारात तर त्यांना बघून बायका टोपल्या झाकायच्या. एकदा सर पापलेटाच्या भावावरून इतका वेळ घासाघीस करत राहिले की ती मावशी वैतागून म्हणाली, "व्हरा तर मग तसोच, फुकट व्हरा." सरांनी पापलेट पिशवीत घातला, नमस्कार केला आणि चालू लागले. मावशी आरडाओरडा करत शाळेच्या फाटकापर्यंत मागे आली. पोरं जमली, आम्ही शिक्षक जमलो, मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. सरांनी पापलेट परत केला, पण भर फाटकात तिला लक्षणेचा आणि वाच्यार्थाचा फरक समजावून सांगितला. ती बिचारी शेवटी म्हणाली, "मास्तरानू, तो मासो तुमीच ठेवा, पण गप रवा."

या माणसाशी संसार कसा होत असेल, असं मला नेहमी वाटे. वहिनी मिठबावच्या, आंबा-नारळाच्या घरातल्या, हसऱ्या आणि घाईच्या. लग्न ठरल्यावर सरांनी त्यांना एकदाच म्हटलं होतं, तुझ्याशिवाय मी रात्री जेवणार नाही. नवी नवरी लाजली, खूश झाली. मग पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली, तेव्हा तिला कळलं की हे वाक्य किती लांबचं आहे. सर रोज शाळा सुटली की मालवणहून मिठबावची एसटी पकडत, सासुरवाडीला जेवत, आणि सकाळच्या गाडीने परत येत. गावातल्या बायका कौतुक करायच्या. वहिनी मला सांगताना कपाळाला हात लावायच्या. "माहेरपण कसा असता ता माका कधी कळाकच नाय. आवस माझी रोज जावयासाठी वडे करून दमली."

पुढे हेच वाक्य हसण्यावारी नेण्यासारखं राहिलं नाही.

त्या वर्षी वहिनी कापणीच्या दिवसांत भावाच्या शेतात मदतीला गेल्या होत्या. आल्या त्या ताप घेऊनच. आमच्याकडे चिखलातून, उंदरांच्या मुतातून तो ताप येतो, लेप्टो म्हणतात. आधी साधा वाटला. मग डोळे पिवळे झाले, लघवी बंद झाली, आणि मालवणच्या डॉक्टरांनी सांगितलं की मूत्रपिंडांवर गेलंय, आत्ताच्या आत्ता गोव्याला न्या. मुलगा परदेशी. सोबतीला बाईमाणूस हवं म्हणून मी अँब्युलन्समध्ये बसले. वहिनींचा हात माझ्या हातात होता आणि तो भाजत होता.

सरांचं गाव वाटेवरच होतं. देऊळ दिसलं तशी त्यांनी अँब्युलन्स थांबवायला लावली. मी हबकले. म्हटलं, सर, एकेक मिनिट मोलाचं आहे, हे काय चालवलंय. ते माझ्याकडे न बघता खाली उतरले. मला वाटलं आता हे आत जाऊन पूजा मांडतील, म्हणून मी पण त्यांना ओढून आणायला मागोमाग उतरले. गुरव देवळातच होता. तो गाऱ्हाणं घालायला पुढे झाला.

आमच्याकडे देवाशी बोलायची पद्धत ठरलेली आहे. एकाने गाऱ्हाणं घालायचं, म्हणजे देवापुढे उभं राहून आपलं म्हणणं मोठ्याने मांडायचं, आणि जमलेल्या माणसांनी "व्हय म्हाराजा" म्हणून त्याला दुजोरा द्यायचा. सहसा गुरव किंवा गावकर बोलतो, कारण त्याला शब्द माहीत असतात. सरांनी गुरवाला बाजूला सारलं. या माणसाला मी कधी घाईत बोलताना ऐकलं नव्हतं. त्या दिवशी ते एका दमात बोलले. "बा देवा म्हाराजा, ही माझी बायल आपल्या पायांनी चलत घराक येवंदे. इली तर आमी दोघां आंबोलीचो घाट धावत चढतलाव आणि मगे तुका नारळ देतलाव."

"व्हय म्हाराजा," गुरव म्हणाला. मीही म्हणाले, आणि जोरात म्हणाले, कारण मला लवकर निघायचं होतं.

गोव्याच्या हॉस्पिटलात वहिनी बरेच दिवस होत्या. सर व्हरांड्यात बसून असायचे. तिसऱ्या दिवशी मी भेटायला गेले तर त्यांची दाढी वाढलेली, गाल आत गेलेले. रात्रीच्या जेवणाचा डबा पुढे केला तर मानेनेच नको म्हणाले. तिच्याशिवाय रात्री जेवायचं नाही, हा शब्द होता. मी रागावले, तशी त्यांनी बाटली दाखवली. मीठ-साखरेचं पाणी. "तिका सलायन लावलेला आसा," सर म्हणाले. "तां ती घेता, ह्यां मी घेतंय." मला तिथे रडावं की हसावं ते कळेना. नर्सने मात्र डोळे पुसले.

वहिनी वाचल्या. गाडी बाहेर थांबवून त्या अंगणातून स्वतःच्या पायांनी चालत घरात आल्या. शेजारपाजारचे सगळे जमले होते, कोणी दृष्ट काढत होतं, कोणी रडत होतं. आणि सर माडाला टेकून उभे, चेहरा पांढराफटक. मी जवळ गेले. म्हटलं, "सर, देवाने ऐकलं हो तुमचं."

"ऐकलान," ते म्हणाले. "सगळा ऐकलान. मी 'दोघां' म्हटलंय, बाईनू."

मला क्षणभर कळेना. मग त्यांनी वर्गात शिकवतात तसं सांगितलं. दोन पुरुष असतील तर दोघे. दोन बायका असतील तर दोघी. एक पुरुष आणि एक बाई असेल तेव्हाच 'दोघां'. तोंडातून 'मी' जायला हवं होतं, गेलं 'आमी दोघां'. आयुष्यभर एकेक अक्षर तोलणारा हा माणूस, आणि ज्या एका वेळी तोलायला हवं होतं त्या वेळी त्याच्या जिभेने सवयीने बायकोला बरोबर घेतलं होतं.

गुरवाने मार्ग सुचवला. देवाला कौल लावू, मूर्तीला फुलं लावून विचारू, देव अशा वेळी सोडवणूक देतो. सर म्हणाले, "कौल शंका असली तर लावतत. माका शंका खंय आसा? मी बोललंय, तेणा ऐकलान." डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की वहिनींनी चालावं, पण दम लागेल असं काही वर्षभर तरी करायचं नाही, आणि घाट धावत चढणं तर विसराच. हे सगळं ठाऊक असून हा गृहस्थ शब्दाला चिकटून बसलाय, याचा मला संताप आला. मी शाळेच्या व्हरांड्यात, पोरांसमोर, त्यांना सुनावलं. "तुमच्या व्याकरणापायी त्या गेल्या तर?"

"आणि नाय फेडलंय म्हणान गेली तर?" सर म्हणाले. "दिलेलो माणूस तो परत नेवक शकता, बाईनू."

हा हट्ट नव्हता, ही भीती होती. मी इतकी वर्षं त्यांना विक्षिप्त समजत होते. ते खरे घाबरलेले होते.

सुटका केली ती वहिनींनीच, म्हणजे मला तेव्हा ती सुटका वाटली. एसटी स्टँडवर त्यांनी एक बोर्ड पाहिला. पुढच्या वर्षी डिसेंबरात आंबोलीत मॅरेथॉन होणार होती. पल्ला अर्ध्या मॅरेथॉनचा, सावंतवाडीच्या बाजूला सखलात सुरू करून, सगळा घाट चढून वर आंबोलीत संपवायची. रस्ता त्या सकाळी वाहनांना बंद. "धावचाच आसा तर चार माणसांत धावया," वहिनी म्हणाल्या. "वाटेत पाणी आसतला, अँब्युलन्स आसतली. ह्येंचो जीव तेच्यात अडाकलेलो आसा. हे धड जेवणत नाय, निजणत नाय. एकदाचा होवन जावंदे." आणि डॉक्टरांचं काय, असं मी विचारलं, तर म्हणाल्या, "डॉक्टराक सांगूक नाय."

तेव्हापासून वर्षभर तारकर्लीच्या किनाऱ्यावर एक विचित्र दृश्य दिसू लागलं. पहाटे पाण्याच्या कडेने, जिथे वाळू घट्ट असते तिथे, पंजाबी ड्रेस आणि कॅनव्हासचे बूट घातलेल्या वहिनी दुडक्या चालीने पुढे, आणि लेंगा वर खोचलेले सर मागे, जवळजवळ ओणवे होऊन तिच्या पायांकडे बघत. धावणं म्हणजे नेमकं काय, हे त्यांनी ठरवलं होतं. एका क्षणी तरी दोन्ही पाय जमिनीपासून सुटले पाहिजेत. नाहीतर ते चालणं, आणि चालणं देवाला चालणार नाही. लॉजमध्ये उतरलेले मुंबई-पुण्याचे लोक बाल्कनीतून बघत राहायचे. रापणीचं मोठं जाळं ओढणारे गाबीत मच्छीमार तर हातातला दोर थांबवायचे. "सुटले, सुटले," असं सर ओरडले की वहिनी हसत सुटायच्या आणि मग खरंच पाय जमिनीला टेकायचे.

वर्षभरात वहिनींना सपाटीवर बरंच अंतर जमू लागलं. त्यांनाच आश्चर्य वाटायचं. चढावर मात्र थोडं गेलं की छातीवर हात जायचा. मला हे दिसत होतं, सरांनाही दिसत होतं. दोघंही बोलत नव्हतो.

शर्यतवाल्यांना पाणी द्यायला, रस्ता दाखवायला माणसं हवी होती. शाळांना विचारलं, तेव्हा मी स्वतःहून नाव दिलं. मला वाटलं, कोणी शहाणं माणूस वाटेत असलेलं बरं. मला मुख्य धबधब्याच्या वळणावर उभं केलं. तिथून आंबोली फार लांब नाही, पण तो शेवटचा चढ जीव काढतो. डिसेंबरात धबधब्याची एक बारीक धार तेवढी असते, बाजूच्या टपऱ्या अजून उघडायच्या होत्या. मी साडीवर शर्यतवाल्यांनी दिलेली नारिंगी बंडी चढवून, लिंबू, मीठ, केळी आणि कोकम सरबताचे ग्लास मांडून बसले. माझ्यासारख्या पन्नाशीच्या जाड बाईने ती बंडी घालणं हाच मला धक्का होता.

आधी कोल्हापूर-पुण्याची काटक पोरं आली, ग्लास हातातून हिसकून न थांबता गेली. मग मध्यमवयीन माणसं, मग कण्हणारी माणसं. मग बराच वेळ कोणीच नाही. माझ्याबरोबरच्या दोन तरुण मास्तरांनी रिकामे ग्लास गोळा करायला घेतले. आणि खालच्या वळणावर ते दोघं दिसले.

सर पुढे नव्हते, मागेही नव्हते. वहिनींचा हात त्यांच्या खांद्यावर होता आणि त्या जवळजवळ लोंबकळत होत्या. तरीही पाय उचलायचा प्रयत्न करत होत्या. जवळ आल्या तसा चेहरा दिसला. राखेच्या रंगाचा. ओठ निळे. त्या कठड्यावर बसल्या, बसल्या म्हणजे कोसळल्याच. मी ग्लास टाकून धावले. तरुण मास्तरांनी फोन करून अँब्युलन्स मागवली.

"दोन मिनटां बसतंय," वहिनी म्हणाल्या. "मगे जावया." त्यांनी उठायचा प्रयत्न केला आणि परत खाली बसल्या. पुन्हा उठायला लागल्या. त्या सरांसाठी उठत होत्या, हे मला बघवेना. मी सरांवर ओरडले. काय काय बोलले ते आता लिहीत नाही. सर ऐकत नव्हते. ते तिच्या पायांकडे बघत होते, जमिनीला चिकटलेल्या.

मग त्यांनी बूट काढले. टोपी काढली. कठड्यापाशी जाऊन, खाली आमच्या समुद्राच्या दिशेला तोंड करून हात जोडले. "बा देवा म्हाराजा," त्यांनी खड्या आवाजात सुरुवात केली, आणि ग्लास गोळा करणारी मंडळी जागच्या जागी थांबली. "त्या दिवशी मी 'आमी दोघां' म्हटलंय. ता माझ्या बायलेक धरून म्हणूक नाय. ती गाडीत होती. माझ्या बाजूक ह्यो बाई उभ्यो होत्यो. एक दादलो, एक बाईल. 'दोघां' म्हणजे मी आणि ह्यो बाई. व्याकरणान बरोबर बसता. तां तू मान्य कर."

ऐकलं ते खरं का, म्हणून तरुण मास्तरांकडे पाहिलं, तर ते माझ्याकडे पाहत होते. मालवणात ही गोष्ट संध्याकाळपर्यंत पोचणार, सरांनी भर घाटात देवाला सांगितलं की 'आमी दोघां' म्हणजे ते आणि गणिताच्या बाई, आणि यजमानांना हे कसं सांगायचं, एवढंच डोक्यात आलं. आणि मग दुसरं काहीतरी कळलं, आणि ते पहिल्याहून मोठं होतं. हा माणूस खोटं बोलत होता. सगळ्या जन्मात पहिल्यांदा, आणि तेही देवाशी. आवाज खडा होता, पण मान खाली गेली होती, आणि जोडलेले हात छातीपाशी घट्ट दाबले होते.

कठड्यावरून वहिनींचा आवाज आला. पुसट, पण स्पष्ट. "व्हय म्हाराजा."

"मी नाही हं," मी म्हणाले. "मला धावता येत नाही. माझ्या पायात चपला आहेत."

"बाईनू," सर माझ्याकडे वळून म्हणाले, "तुमी तेव्हा 'व्हय म्हाराजा' म्हटलात."

अँब्युलन्स आली. आतल्या डॉक्टरीणबाईंनी वहिनींना ऑक्सिजन लावला, नाडी बघितली, आणि म्हणाल्या, वर दवाखान्यात नेऊ. सर दाराशी गेले, पण चढले नाहीत. मी म्हटलं, सगळा घाट तर मी चढलेलीच नाही, इथून पुढचा धावले तर चालेल का तुमच्या देवाला. हे मी चिडून म्हटलं होतं. ते हळूच म्हणाले, "'सगळो घाट' म्हणूक नाय मी. 'घाट' म्हटलंय." आणि तोंड फिरवलं. हा दुसरा शब्द वाकवताना त्यांना किती दुखलं, ते मला त्या फिरवलेल्या तोंडावर दिसलं. मी पदर खोचला, चपला कठड्यावर काढून ठेवल्या आणि निघाले.

मी धावले. ज्यांनी पाहिलं ते अजून सांगतात. पहिल्या वळणालाच छातीचा भाता झाला, डांबर पायाला टोचत होतं, बाजूला माकडं बसून बघत होती. पुढे अँब्युलन्सचा मागचा दिवा वळणावळणावर दिसेनासा होत होता आणि सर तिकडे बघत धावत होते. मी कितीतरी वेळा नुसती चालले, एकदा तर उभीच राहिले. वर्षभर वाळूत ओणवे होऊन बायकोच्या पायांकडे बघणाऱ्या माणसाने माझ्या पायांकडे एकदाही पाहिलं नाही. मला त्याचं सर्वांत जास्त वाईट वाटलं.

आंबोलीत पोचलो तेव्हा शेवटची कमान उतरवायला घेतली होती. कोणीतरी ती परत धरून उभी केली, आम्ही खालून गेलो, चार जणांनी टाळ्या वाजवल्या. दवाखाना रस्त्यालाच होता. वहिनी खाटेवर बसून चहा पीत होत्या. रंग परत आला होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, थोडा वेळ अजून धावल्या असत्या तर आपण इथे बोलत नसतो. सर उंबऱ्याबाहेरच थांबले. आत या म्हटलं तरी येईनात. बायकोकडे बघायचंही ते टाळत होते. मी बाकावर आडवी झाले होते, तिथून मला दिसलं की ते भिंतीकडे तोंड करून रडताहेत.

नारळ द्यायचा राहिला होता. वहिनी हिंडायफिरायला लागल्यावर एका रविवारी आम्ही देवळात गेलो. गुरव, सर, वहिनी आणि मी. त्या आठवड्यात सर शाळेत कोणाशी एक शब्द बोलले नव्हते. मधे पेपरवाल्या पोराने "उरलेले पैसे उद्या देतो" म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी दिले नाहीत, तरी सर त्याला काही बोलले नाहीत, असं शिपायाने मला घाबऱ्या आवाजात सांगितलं होतं.

सर नारळ हातात घेऊन देवापुढे उभे राहिले. "बा देवा म्हाराजा," ते म्हणाले. "माझी बायल तू माका परत दिलंस. मी मात्र शब्द फिरवलंय. व्याकरणाचा निमित करून तुका फसवलंय. 'दोघां' मी कोणाक म्हटलंय, ता तुका म्हायत आसा, माकाय म्हायत आसा. तेची जी काय शिक्षा असात ती माका एकट्याक दी. तिच्या केसाक धक्को लावू नको."

गाऱ्हाणं संपलं की दुजोरा द्यायचा, ही सवय अंगात मुरलेली. गुरवाने तोंड उघडलं, मीही उघडलं.

"नाय म्हाराजा," वहिनी म्हणाल्या.

त्या देवळात असे शब्द कधी कोणी उच्चारले नसतील. गुरवाचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. वहिनी पुढे झाल्या, सरांच्या बाजूला उभ्या राहिल्या, आणि बाईमाणसाने गाऱ्हाणं घालायची आमच्याकडे रीत नसताना रोजच्या आवाजात देवाशी बोलायला लागल्या. "म्हाराजा, ह्येंचा ऐका नको. ह्येंनी जन्मभर सगळ्यांचे शब्द खरे मानले. एकदाच खोटा बोलले, तां माझ्यासाठी. घाट तुका धावान होयो होतो, तो झालो. आता ह्येंका शिक्षा नको, माकाय नको. मी ह्येंका घराक नेतंय. सकाळपासून जेवक नाय ते."

दुजोरा कोणी द्यायचा, असा प्रश्न पडला. गुरव देवाकडे बघत राहिला. मी तर ओठ घट्ट मिटून घेतले होते, 'व्हय म्हाराजा'ची किंमत मला आता कळली होती. सर बायकोकडे बघत होते, आंबोलीपासून पहिल्यांदा. त्यांना तिचं एकेक वाक्य तपासताना मी पाहिलं, ओठ हलत होते. मग हलायचे थांबले.

"व्हय म्हाराजा," सर म्हणाले, आणि नारळ वहिनींच्या हातात दिला.